गोड्या पाण्याची पट्टी

दोरीवरचा बनियन काढायला निलेश वळला आणि ऋतुजानं ओठाशी नेलेला कप खाली ठेवला. त्याची पाठ लालभडक झाली होती. मानेखालपासून कमरेपर्यंत बारीक बारीक पुटकुळ्या, काहींच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि मधल्या पन्हळीत, जिथं कण्याचं हाड आत जातं तिथं, कातडी ओरबाडल्यासारखी. सकाळचे सव्वासहा वाजले होते, वरसे गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत उजेड अजून पुरता शिरला नव्हता, तरी तिला एकेक पुटकुळी वेगळी दिसली. निलेशनं बनियन डोक्यातून घातला. कापड पाठीला लागलं तसा तो दातांतून श्वास ओढून थांबला. "काय आलंय गो पाठीवर? मुंग्या चावल्यासारखं होतंय." ऋतुजा म्हणाली, "थोडी लाल झालीय. उष्णतेनं असंल." "ब्लेड नवं होतं ना?" "व्हय," ती म्हणाली. एवढासा शब्द, पण तो तोंडातून सुटला तो सुटलाच. निलेशनं मान डोलवली, डबा उचलला आणि तो कंपनीच्या बसकडे निघून गेला. आज गुरुवार होता. रविवारी पेणला शरीरसौष्ठव स्पर्धा होती, आणि छत्तीस वर्षांचा, बॉयलरवर काम करणारा तिचा नवरा तिथं आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचा उभा राहणार होता.

ब्लेड नवं नव्हतं. ब्लेड तिचं होतं. आदल्या संध्याकाळचं सगळं तिला आठवत होतं आणि आठवताना लाजही वाटत होती, सुखही वाटत होतं, ही आणखी एक पंचाईत. छाती, हात, पाय यांवरचे केस निलेशनं आठवडाभरात स्वतःच काढले होते, रोज थोडे, न्हाणीघराची कडी लावून. पाठ राहिली. जिममधली पोरं एकमेकांच्या पाठी करतात, पण निलेशला ते नको होतं. जन्माचा लाजरा माणूस. तो पाटावर बसला, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझी पाठ तू कर." लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण त्या माणसाची पाठ अशी भर उजेडात, निवांत, हाताच्या अंतरावर तिनं कधी बघितलीच नव्हती. बायको नवऱ्याचं काय बघते? सकाळी त्याचा डबा बघते, संध्याकाळी त्याचा चेहरा बघते, कंपनीत काही बिनसलंय का ते बघते. पाठ बघायचं कारण पडत नाही. आणि इथं तर अकरा महिन्यांची मेहनत तिच्यासमोर बसली होती. पहाटे चारला उठून केलेली, उकडलेल्या अंड्यांची, बारशाला जाऊन नुसतं पाणी पिऊन परत आलेली. तो श्वास घ्यायचा तेव्हा दोन्हीकडचे स्नायू पंखांसारखे उघडायचे आणि मिटायचे. हे सगळं ह्यानं स्वतः केलंय, तिला वाटलं, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देणार नव्हतं. तिचा ऊर भरून आला.

तेव्हा डब्यात बघितलं तर त्याची ब्लेडं संपलेली. मेडिकलचं दुकान दोन मिनिटांवर होतं. पण उठावं, चपला घालाव्यात, जिना उतरावा आणि परत येईपर्यंत हा माणूस मन बदलून शर्ट घालून बसलेला असावा, ही भीती तिला वाटली. न्हाणीघराच्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात, तिचं स्वतःचं गुलाबी रेझर होतं. तीन महिन्यांचं. ते तिथं आहे हे निलेशला ठाऊक नव्हतं, कारण आपल्या पायांवर केस येतात ही गोष्ट ऋतुजानं सहा वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवली होती, जणू काही बाकीच्या बायकांच्या पायांना मोरपिसं येतात. तिनं तेच घेतलं. साबणाचा हात फिरवला न फिरवला आणि खालून वर, केसांच्या उलट्या दिशेनं ओढत गेली, कारण तसं गुळगुळीत होतं. झालंही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंग लावायच्या आधी मूर्ती घासून ठेवतात तशी पाठ दिसायला लागली. ती इतकी खूश झाली की तिथं थांबलीच नाही. माहेराहून दरवर्षी जाड्या मिठाची गोणी येते, त्यातलं मूठभर मीठ तिनं कोमट पाण्यात कालवलं आणि त्या पाठीवर दोन्ही हातांनी चोळलं. "जळतंय गो!" तो ओरडला. "जळतंय म्हंजे साफ होतंय," ती म्हणाली. हे तिच्या वडिलांचं वाक्य. जखमेवर मीठ चोळणं हे सगळी मराठी माणसं नुसतं बोलतात. मिठागरवाल्याच्या मुलीनं ते हातानं करून दाखवलं.

आणि गंमत अशी की घरात सोमवारपासून मीठ बंद होतं. स्पर्धेच्या आधी अंगातलं पाणी उतरायला हवं, कातडी कागदासारखी पातळ व्हायला हवी, म्हणून जिमच्या काळुरामदादानं निलेशचं मीठ तोडलं होतं. तो अळणी खातो तर आपण काय वेगळं खायचं, म्हणून तीही अळणी खात होती. मिठाच्या घरात जन्मलेली बाई चार दिवस बिनमिठाची आमटी गिळत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिला त्यात एक प्रकारचा अभिमानच वाटत होता, की ह्या तपात आपलाही खारीचा वाटा आहे. आता तो खारीचा वाटा पाठीवर उठून आला होता.

रोह्याच्या बाजारात एका सेवा केंद्रात ती दाखले भरून द्यायचं काम करते. त्या दिवशी तिनं एका माणसाच्या वडिलांच्या जागी त्याच्याच सासऱ्याचं नाव टाकलं. दुपारी एक म्हातारी आली, तिचा अंगठा मशीनवर उमटेना. पाच वेळा पुसून ठेवला, उमटेना. अशा बायका येतात अधूनमधून, खाडीकडच्या, मिठागरात जन्म गेलेल्या, बोटांवरच्या रेघा झिजून सपाट झालेल्या. एरवी ऋतुजा न कंटाळता दहाही बोटं लावून बघते. आज तो सपाट अंगठा हातात धरून ती नुसती बसली. तिला आपली आत्या आठवली, सीताबाई. तिच्याही बोटांना रेघा नाहीत. मग त्या अंगठ्याकडे बघताना तिला काय वाटलं कोण जाणे, पण कातडी ही गोष्ट एकदम फार मोठी वाटायला लागली. आपण हिच्या आत राहतो आणि हिच्याकडे बघतसुद्धा नाही. बिघडली की मग ही स्वतःशिवाय दुसरं काही सुचू देत नाही.

संध्याकाळी घरी आली तर निलेश उघडाच बसलेला, पंख्याकडे पाठ करून, फोन कानाला. "दादा, तुमच्या त्या प्रोटीनच्या पावडरीनंच झालंय ह्ये. अकरा महिने कधी एक पुळी नव्हती... नाय, ब्लेड नवीन होतं, माझ्या बायकोनं केलंय, माझा तिच्यावर विश्वास हाय... मग तुमीच सांगा ना कशानं!" काळुरामदादा पलीकडून काहीतरी बोलला, आणि निलेश, जो साध्या भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही, तो म्हणाला, "तुमी पैशासाठी आमाला काय पन खाऊ घालाल," आणि त्यानं फोन ठेवला. काळुराम म्हणजे ज्यानं अकरा महिने एक पैसा फी घेतली नव्हती तो माणूस. ऋतुजा दारातच उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात. आत्ताच सांगावं, तिला वाटलं, आत्ता, ह्या क्षणी. पण "माझा तिच्यावर विश्वास हाय" हे वाक्य अजून खोलीत होतं, आणि त्याला ओलांडून बोलणं तिला जमेना. निलेश म्हणाला, "मी नाव काढून घेतो उद्या. असल्या पाठीवर स्टेजला लावायचा रंग बसत नाय. लोकांना काय दाखवू, गोवर?" त्यानं हसायचा प्रयत्न केला. तिच्यानं ते हसणं बघवेना.

खालच्या मजल्यावर फरझाना घरीच पार्लर चालवते, हुशार बाई, नवरा मस्कतला. तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांत उपाय कळला असता. पण फरझानाला विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं, आणि फरझानाच्या खुर्चीत दिवसाला दहा बायका बसतात. म्हणून शुक्रवारी सकाळी कामावर खाडा करून ऋतुजानं पेणची एसटी धरली. निलेशला सांगितलं, आत्याला बरं नाही, बघून येते. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतंच. "नाव आज काढू नका," तेवढं मात्र ती म्हणाली, "उद्यापर्यंत थांबा."

नागोठण्याचा पूल गेला, अंबा नदीचं पाणी माघातलं, तळाला गेलेलं. खिडकीच्या काचेत तिला आपला हात दिसत होता, कोपरापासून मनगटापर्यंत, वरचे बारीक काळे केस उन्हात चमकणारे. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा तिला ते दिसले होते, म्हणजे एका मुलीनं वर्गात दाखवले होते, "हिच्या पायाला बग, बाप्यासारखं" असं म्हणून. शेजारच्या काकीच्या मुलीचं लग्न होतं त्या आठवड्यात. ऋतुजानं विहिरीवर पाय घासायचा दगड घेऊन दोन्ही पोटऱ्या रक्त येईस्तोवर घासल्या होत्या. लग्नात ती परकर सावरत एका कोपऱ्यात बसून राहिली, सगळं अंग तापलेलं, आणि सीताआत्यानं तिला उचलून मागच्या पडवीत नेलं होतं. पुढचं तिला आठवत नव्हतं. थंडगार वाटलं होतं तेवढं आठवत होतं. कुणी काय केलं, कशानं थंड वाटलं, ते सगळं पुसून गेलेलं, आणि मुलीचं ते वाक्य मात्र वीस वर्षं टिकलेलं. माणसाचं मन कचरा जपून ठेवतं आणि धान्य उधळून देतं, तिला वाटलं. आणि मग लगेच हेही वाटलं की निलेशनं तर भर मांडवात, शेकडो लोकांसमोर, एक लंगोट सोडून सगळं अंग उघडं करायचं ठरवलं होतं. लाजरा माणूस. पाव्हण्यांसमोर शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. एवढं धाडस त्यानं कुठून गोळा केलं असेल? तिला त्याचं इतकं कौतुक वाटलं की एसटीत बसल्या जागी डोळे भरले, आणि शेजारच्या बाईनं न विचारता तिच्या हातात एक लिमलेटची गोळी ठेवली.

सीताबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. वय सदुसष्ट, अंगात मांस म्हणून नाही, पण बसायची ढब अशी की अख्खं अंगण तिचंच. लग्नात ती ऋतुजाची पाठराखीण म्हणून वरश्याला पाच दिवस राहून गेली होती आणि त्या पाच दिवसांत तिनं निलेशच्या आईला मासळी कशी निवडायची ते शिकवलं होतं. "काय गो, आज मदीच कशी आलीस? जावय बरा हाय ना?" ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. ऋतुजानं सगळं सांगितलं, रेझर, उलटी दिशा, आणि शेवटी मीठ. सीताबाईच्या हातातली सुकट हातातच राहिली.

"मीठ? मीठ चोललास?"

"बाबा म्हनायचं ना, जळतंय म्हंजे साफ होतंय."

"तुजा बाबूस मिठाचा मुकादम व्हता. बांधावर उबा रवायचा. आत आमी व्हतू." सीताबाई हसायला लागली, हसता हसता खोकली. "ज्यानी मिठात पाय घातला तो मिठाला भितं गो. तुमीच मिठाचा देव केलाव." मग तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पुढे केले. ऋतुजानं ते पाय जन्मभर बघितले होते, पण कालपरवाच एक पाठ बघायला शिकलेल्या डोळ्यांनी ती आज पहिल्यांदा बघत होती. टाचा जाड, काळ्या, भेगाळलेल्या. पण पोटऱ्या अखंड. चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून एक व्रण नाही.

"कसं काय आते?" तिनं विचारलं.

"पायांचा हंडा," सीताबाई म्हणाली. आणि तिनं सांगितलं ते असं. मिठागरावर दोन हंडे जायचे. एक प्यायचा आणि एक पायांचा. दोन्ही गोड्या पाण्याचे, दोन्ही एकाच विहिरीचे, अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणलेले. प्यायचा दुपारीच संपायचा. पायांचा हंडा मात्र बांधावर फडक्याखाली झाकून असायचा आणि घसा कितीही सुकला तरी त्याला कुणी तोंड लावायचं नाही. दिवस मावळता बायका वर यायच्या, एकेकीनं पायांवर गोडं पाणी सोडायचं, घासायचं नाही, नुसतं सोडायचं, मग मऊ जुन्या लुगड्याची ओली पट्टी पोटरीवर ठेवून बसायचं, ती गरम झाली की उलटायची. पाय गेले तर काम गेलं. डॉक्टर नव्हता, मलम नव्हतं, होतं ते एवढं शहाणपण, आणि तेही तहान मारून जपलेलं. ऋतुजाला तो बांध डोळ्यांसमोर दिसला. सुकलेल्या ओठांच्या बायका, समोर भरलेला हंडा, आणि कुणाचाच हात तिकडे जात नाही. ह्या बायकांचे अंगठे आपल्या मशीनला ओळखू येत नाहीत, तिला वाटलं, आणि तिला मशीनचीच कीव आली.

"बारा वर्साची व्हती मी," सीताबाई पुढे म्हणाली, "हंडा राखाला मना ठेवली व्हती. येक दिवस रवलाच नाय. प्याली मी. अर्दा हंडा प्याली गो, आनी सांगितला, कुत्र्यानी सांडला. त्या दिशी बायका तशाच खाऱ्या पायांनी घरा गेल्या. दुसरे दिशी आयच्या पायाला भेग परली, ह्ये येवरी. मंग मी सांगितला."

"मारलं आजीनं?"

"नाय. काय नाय बोलली. सकाली हंडा परत माज्याच डोईवर ठेवलान." सीताबाईनं सुकटीतली एक काडी बाजूला टाकली. "मारला असता तर बरा झाला असता."

मग ती एकदम कामाला लागली. फडताळातून धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं पांढरं लुगड्याचं फडकं काढलं, परसातली कोरफडीची दोन पानं कापली, आणि बोट नाचवत बजावलं. पाणी उकळून थंड केलेलं, माठातलं. पट्टी ठेवायची, चोळायची नाही. दिवसातून चार वेळा. कोरफडीचं पिवळं पाणी आधी गळू द्यायचं, मग आतला गर पातळ लावायचा, आणि तोही आधी एका कोपऱ्यात लावून बघायचा. तेल नको, तेल जाड कातडीला, पाठीला लावलंस तर छिद्रं बुजतील. पुळ्या फोडायच्या नाहीत, घट्ट बनियन नको, घाम आला तर धुवायचा, आणि परत ब्लेड तर नावालाही नाही. "आनी ताप आला, नाय तर पू येवाला लागला, तर डाक्तर. मंग माजा नाव सांगू नुको." निघताना ऋतुजानं विचारलं, "आते, त्यांना सांगू काय?" सीताबाई म्हणाली, "मना कनाला इचारतेस? मी हंड्याचा सांगितला नाय का तुना?" आणि परत सुकट निवडायला बसली.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी दुपारपर्यंत ऋतुजानं पाच वेळा पट्ट्या ठेवल्या. निलेश पालथा पडून राहायचा, कंपनीला रजा टाकलेली, गाल चटईवर, डोळे मिटलेले. पाठ अशी समोर असली की माणूस जवळ असतो आणि नसतोही. ओलं फडकं ठेवलं की त्याच्या अंगातून एक बारीक शहारा जायचा आणि मग तो सैल पडायचा, इतका सैल, इतका निर्धास्त, की तिला तो निर्धास्तपणाच सोसवेना. शनिवारी लाली उतरली. पांढरे ठिपके बसले, कमरेकडची कातडी तर पूर्ववत झाली. ज्या कातडीला आपण एवढं छळलं ती आपल्यावर राग न धरता भरून येतेय, नुसतं थंड पाणी आणि जरा एकटं सोडणं एवढंच मागतेय, हे बघून ती थक्क झाली. निलेश म्हणाला, "आत्याचा हात हाय बग ह्ये. नाय तर त्या पावडरीनं माझं वाटोळंच केलं व्हतं." काळुरामदादाचे दोन फोन येऊन गेले होते, त्यानं उचलले नव्हते. आणि ऋतुजाला कळलं की पाठ बरी झाली की हे सगळं असंच राहणार. पुळ्या जातील आणि काळुरामदादा कायमचा चोर ठरेल. नवऱ्याच्या भोळेपणावर आपलं सगळं बिनबोभाट निभावेल. तिला स्वतःची शिसारी आली.

"ब्लेड नवं नव्हतं," ती म्हणाली.

तिनं पाठीवरच्या फडक्याची कड बोटांनी सरळ केली.

"माझं व्हतं. मी पाय करते त्यानं. तीन महिन्यांचं. वर फळीवर डब्यात हाय. आन मीठ चोळायचं नसतं, आते म्हनली. पावडरीचा काय संबंध नाय." फडकं गरम झालं होतं. उलटावं की नाही तिला कळेना, मग तिनं उलटलं. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, तिनं तीन मोजल्या. निलेशचा श्वास एका लयीत चालला होता, पंख उघडत होते, मिटत होते, आणि तो चेहरा चटईच्या बाजूला होता, तिला दिसत नव्हता. रागावलाय का, रडतोय का, काहीच नाही. पाठीवरून माणसाचं काही कळत नाही. चौथी शिट्टी झाली. तो म्हणाला, "फोन दे."

त्यानं पालथ्यानंच काळुरामदादाला फोन लावला. "दादा, चुकी माझी व्हती. जुनं ब्लेड मारलं मी, आन वर मीठ चोळलं... व्हय, मीच. अक्कल गहाण टाकलेली... दादा, मी बोललो ते मनात धरू नका, पाया पडतो तुमच्या... उद्या येतो." तिचं नाव त्यानं घेतलं नाही. फोन ठेवून तो उठून बसला, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू पाय करतेस?" ती मान खाली घालून म्हणाली, "व्हय." "कशाला?" वीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरीचं वाक्य तिनं आठवून बघितलं, आणि ते ह्या माणसासमोर मांडण्याइतकं सुद्धा मोठं नव्हतं. तो उठला, रंगाची बाटली आणि स्पंज पिशवीत टाकला. थोड्या वेळानं न्हाणीघरातून म्हणाला, "उद्या रंग तूच लाव."

रविवारी पेणच्या मैदानात मांडवामागे, कनाती बांधून केलेल्या आडोशात, वीसेक उघडे पुरुष रंग लावून घेत उभे होते. त्यांच्यात एकटी बाई ऋतुजा. काळुरामदादानं तिला बघून नुसता हात जोडला आणि म्हणाला, "वैनी, तुमी इथंच पडद्याशी थांबा. घामानं रंग पुसला तर लावाया लागंल." तिनं स्पंज घेतला. छातीला लावला, दंडांना लावला, आणि मग तो वळला. पाठ आता तांबूस दिसत होती, चांगली, भरदार, बघत राहावी अशी. पण डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली अजून काही ठिपके होते. "कशी हाय पाठ?" त्यानं विचारलं. "बरी हाय" म्हणणं फार सोपं होतं. आता काही बदलणार नव्हतं, उलट त्याला उभारी आली असती, आणि कुठल्याही बायकोनं अशा वेळी हेच म्हटलं असतं. तिनं मोजून घेतलं. "डाव्या बाजूला सात राहिल्यात. तिथं रंग सारखा बसनार नाय, मी नुसता टेकवते, चोळत नाय. बाकी साफ." तो "बरं" म्हणाला. तेवढंच. मग पंचाहत्तर किलोचा गट पुकारला आणि तो गेला.

पडद्याच्या फटीतून तिला रंगमंच मागच्या बाजूनं दिसत होता. सात जण ओळीनं उभे, लोक ओरडतायत, शिट्ट्या वाजतायत, आणि तिला निलेशची पाठच दिसत होती, दिव्यांच्या उजेडात काळीभोर, फुललेली. केवढा दिसतोय हा, तिला वाटलं, हा माझा माणूस केवढा दिसतोय. ते सात ठिपके तिला इथूनही दिसत होते, पण बाकी एवढं काही होतं की ते असून नसल्यासारखे. मग पंचांनी माईकवरून पाठ दाखवायला सांगितलं आणि सातही जण एकदम वळले.

आता पाठ पंचांकडे होती, लोकांकडे होती, अख्ख्या पेण तालुक्याकडे होती. ऋतुजासमोर निलेशचा चेहरा आला, चार हातांवर, रंगानं माखलेला, कपाळावर घाम, मान ताणून शिरा वर आलेल्या. पडद्याच्या फटीत त्याला ती दिसली. तिला वाटलं, आता तो डोळ्यांनी विचारेल, कशी दिसतेय, चालेल ना, कुणी हसतंय का तिकडे. ती उत्तर द्यायला तयार उभी राहिली, स्पंज छातीशी धरून. पण त्याला काही विचारायचं नव्हतं. सात आहेत, डाव्या बाजूला, बाकी साफ, हे तिनं सांगितलेलं होतं, आणि जी गोष्ट त्याला स्वतःला जन्मात दिसणार नव्हती ती तो तेवढ्या तिच्या शब्दावर सगळ्या जगाला दाखवत उभा होता.